फीबी जागी होती

सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' ही अमेरिकन कादंबरी वाचलेल्या कुणालाही विचारा, तो बहुतेक हेच सांगतो की सोळा-सतरा वर्षांचा असताना मी अगदी तिच्यातल्या होल्डनसारखा होतो, मलाही सगळे नाटकी वाटायचे, मलाही सगळं टाकून कुठंतरी निघून जावंसं वाटायचं. मुलीसुद्धा असंच म्हणतात. माझं तसं झालं नाही. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा डेक्कनच्या फुटपाथवर जुनी कॉपी घेतली होती, पिवळी पडलेली, आधीच्या कुणीतरी पेन्सिलनं जागोजागी रेघा मारलेली, आणि पहिली दीडशे पानं मी नुसती वैतागत वाचली. न्यूयॉर्कमधल्या वकिलाचं पोर, महागड्या बोर्डिंग शाळांतून एकामागून एक नापास होऊन बाहेर पडतंय, टॅक्सीनं फिरतंय, हॉटेलात राहतंय, आणि वर कुरकुर करतंय. मला काही त्याच्याबद्दल फार वाटेना.

मग तो रात्री चोरून स्वतःच्याच घरी येतो. आईवडील पार्टीला गेलेत, तो अंधारात पाय न वाजवता धाकट्या बहिणीला, फीबीला शोधतो, ती मोठ्या भावाच्या खोलीत झोपलीय कारण तिला तिथलं मोठं टेबल आणि मोठा पलंग आवडतो, तो तिला उठवतो, आणि ती दहा वर्षांची पोरगी दोन मिनिटांत ओळखते की हा शाळेतून काढला गेलाय. पुढे आईवडील परत येतात, तो कपाटात लपतो, आईला खोलीत सिगारेटचा वास येतो आणि फीबी सांगते की मीच ओढली, एकच झुरका, झोप येत नव्हती म्हणून.

तिथं मी पुस्तक मिटलं. कारण तशी थाप मी मारली होती. सिगारेटची नाही, दाराच्या कडीची.

सांगते. 1997 चा एप्रिल. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. दादाला दहावीला चांगले मार्क पडले होते आणि तेव्हा आमच्या भागात असे मार्क पडले की एकच वाट होती, लातूर. लातूर पॅटर्न. दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातून गाड्या भरून पोरं लातूरला जायची, अकरावी-बारावी सायन्स, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, आणि रविवारी टेस्ट. बाबा त्याला ट्रंक, गादी, बादली घेऊन सोडून आले. आई महिनाभर ताट वाढताना एक ताट जास्तीचं काढायची आणि परत ठेवायची.

घरी फोन नव्हता. शेजारच्या मेडिकलवाल्यांचा पीपी नंबर होता. दादा रविवारी रात्री एसटीडी बूथवरून तिथं फोन लावायचा, त्यांचा पोरगा आमच्या दारात येऊन ओरडायचा, तोवर दादा मीटर पळू नये म्हणून फोन ठेवून द्यायचा, आम्ही धावत जाऊन तिथं बाकड्यावर बसायचो आणि पाच-सात मिनिटांनी परत रिंग यायची. आई विचारायची जेवलास का, बाबा विचारायचे टेस्टचं काय झालं, मला शेवटी फोन मिळायचा आणि तेवढ्यात तो म्हणायचा, ठेवतो आता, मीटर पळायलंय. असं वर्षभर. म्हणजे फोन दर आठवड्याला होता, बोलणं मात्र नव्हतं.

आणि एप्रिलमधल्या त्या रात्री तो मुक्कामी गाडीनं आला. मुक्कामी गाडी म्हणजे ती एसटी जी रात्री दहाला गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी परत जाते. उन्हाळा होता, आई-बाबा गच्चीवर झोपलेले, आज्जीला जिना चढवत नव्हता म्हणून ती खाली पुढच्या खोलीत आणि तिच्या सोबतीला मी. आज्जीला कमी ऐकू यायचं. खिडकीच्या गजावर बोटानं टकटक झालं. "बबे, ए बबे, दार उघड, आवाज करू नको."

मी दार उघडलं. म्हटलं, "कामून आलास?" तो म्हणाला, "असंच. आईला सांगू नको." दोन तांबे पाणी प्याला. मी शिंक्यातली भाकरी काढून दिली, ती त्यानं ठेच्यासोबत उभ्यानंच खाल्ली. मग माझ्या अंथरुणाच्या कडेला येऊन बसला. मी आडवी झाले. आणि तो बोलायला लागला.

काय काय बोलला ते सगळं नाही सांगत, ते त्याचं आहे. खोलीत चार कॉट होत्या आणि चार जण एकमेकांशी बोलत नव्हते कारण चौघंही एकाच लिस्टीत होते, टेस्टची रँक लिस्ट, ती दर आठवड्याला बोर्डवर लागायची. शेजारच्या खोलीतला एक पोरगा एका सकाळी ट्रंक घेऊन निघून गेला आणि दुपारपर्यंत कुणी त्याचं नावही काढलं नाही. दादानं एकदा मोजलं होतं, आठ दिवस तो मेसवाल्या मावशींशी सोडून कुणाशीच एक वाक्य बोलला नव्हता. मी निघून जाईन म्हणाला, कुठं ते त्यालाच माहीत नव्हतं. त्याचा आवाज असा येत होता की मी तसा आधी कधी ऐकला नव्हता, आणि मला भीती वाटली, खूप, आणि मी डोळे मिटून घेतले.

पहाटे तो नव्हता. दार नुसतं ओढून घेतलेलं. आई गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, रात्रभर कडी उघडी कुणी ठेवली? मी म्हटलं, मी. मागं संडासला गेले होते, विसरले. आईनं पाठीत एक धपाटा दिला.

एवढंच. दादा त्याच सकाळी लातूरला परत गेला होता, पुढच्या रविवारी परत मेडिकलवाल्यांकडे रिंग आली, आई म्हणाली जेवलास का. मी कुणाला सांगितलं नाही. आणि बारा-तेरा वर्षांनी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत एक अमेरिकन पोरगी आपल्या आईला सांगते की सिगारेट मीच ओढली, आणि माझ्या पाठीत तो धपाटा परत बसतो.

तेव्हापासून मी हे पुस्तक फीबीच्या पलंगावर बसून वाचते. आणि तिथून ते फार वेगळं दिसतं.

एक तर लोक ज्याला होल्डनचा राग म्हणतात तो मला राग वाटतच नाही. पुस्तकात एक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही कारण होल्डन ती अगदी जाता जाता सांगतो. त्याचा एक भाऊ होता, ॲली, दोन वर्षांनी लहान, लाल केसांचा, घरात सगळ्यात हुशार. 18 जुलै 1946 ला तो ल्युकेमियानं गेला. अकरा वर्षांचा होता. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्यानं मुठीनं तिथल्या सगळ्या काचा फोडल्या. हाताची अशी अवस्था की तो भावाच्या अंत्यविधीलाही नव्हता, दवाखान्यात होता. ॲलीच्या बेसबॉलच्या ग्लोव्हवर हिरव्या शाईनं कविता लिहिलेल्या होत्या, मैदानात उभं राहून कंटाळा आला तर वाचायला काहीतरी हवं म्हणून. तो ग्लोव्ह होल्डननं शाळेतही सोबत ठेवलेला असतो. रूममेटच्या वतीनं निबंध लिहायची वेळ येते तेव्हा तो दुसऱ्या कशावर नाही, त्या ग्लोव्हवर लिहितो, आणि रूममेट चिडतो की तुला खोलीचं किंवा घराचं वर्णन करायला सांगितलं होतं. होल्डन तो निबंध फाडून टाकतो.

ज्या घरात असं झालंय त्या घरानं पुढं काय केलं? पोराला बोर्डिंगला पाठवलं. एका शाळेतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. आई रात्र रात्र जागते, सिगारेटी ओढते, हे होल्डनच सांगतो, आणि तिच्यावर तो कधी चिडत नाही. पण तीन वर्षांत कुणीतरी त्या पोराशेजारी बसून ॲलीबद्दल एक तास बोललंय असं पुस्तकात कुठंही नाही. इतिहासाचे म्हातारे मास्तर त्याला घरी बोलावतात, अंगात कणकण असताना बोलावतात, त्यांची मायाच आहे, आणि करतात काय, तर त्याचाच इजिप्तवरचा नापास पेपर त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. हे वाचताना मला त्या माणसाचा राग येत नाही, वाईट वाटतं. आमच्याकडे सगळे असेच होते. माया होती, आणि बोलायला विषय एकच, टेस्टचं काय झालं.

आणि फोन. हे पुस्तक फोननं भरलेलंय. तो शनिवारी रात्री पेन स्टेशनवर उतरतो आणि सगळ्यात आधी फोन बूथमध्ये शिरतो. भावाला करावा तर तो हॉलिवूडला. फीबीला करावा तर ती झोपली असेल आणि आईवडील उचलतील. जेन या मैत्रिणीच्या आईला करावा, सॅली या दुसऱ्या मैत्रिणीला करावा, एका जुन्या शाळेतल्या मुलाला करावा, असं एकेक नाव मनात घेतो आणि सोडून देतो, आणि वीसेक मिनिटांनी कुणालाही फोन न करता बूथमधून बाहेर येतो. पुढं पूर्ण पुस्तकभर जेनला फोन करायचाय, करायचाय म्हणतो, एकदा करतो तर तिची आई उचलते आणि हा ठेवून देतो. मला वाटतं एकटं असणं म्हणजे नंबरच माहीत नसणं असं नाहीच. डायरी भरलेली असते. पण फोन लागला आणि समोरून विचारलं की काय रे, कसा काय फोन केलास, तर त्याला द्यायला उत्तर नसतं. दादाही म्हणायचा ना, असंच.

सगळ्यांना विचारून झालं की तो टॅक्सीवाल्याला विचारतो, सेंट्रल पार्कातलं तळं हिवाळ्यात गोठलं की बदकं जातात कुठं? एकदा नाही, दोन वेगवेगळ्या टॅक्सीवाल्यांना. एकाला वाटतं हा थट्टा करतोय, दुसरा बदकं सोडून माशांबद्दलच तावातावानं बोलायला लागतो. वर्गात हा भाग शिकवताना बदकं म्हणजे अमुक आणि तळं म्हणजे तमुक असं सांगतात, मला ते फार आवडत नाही. त्याला खरंच काळजी वाटतेय. ज्या घरात अकरा वर्षांचं पोर एका उन्हाळ्यात नाहीसं झालं त्या घरातल्या मुलाला नाहीसं होणाऱ्या प्रत्येक गोष्टीची काळजी वाटणारच.

शेवटाकडे तो फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालत असतो, ख्रिसमसची गर्दी, आणि प्रत्येक चौकात फुटपाथवरून खाली पाय टाकताना त्याला वाटतं की आता मी पलीकडे पोचणारच नाही, इथंच गायब होणार. तेव्हा तो मेलेल्या भावाशी बोलतो. ॲली, मला गायब होऊ देऊ नको. पलीकडे पोचला की ॲलीला थँक्यू म्हणतो. पुढच्या चौकात परत तेच. मला या पुस्तकातलं दुसरं काहीही नाही आठवलं तरी चालेल, हे आठवतं. जिवंत माणसांनी भरलेल्या रस्त्यावर त्याला हात धरायला जो मिळतो तो तीन वर्षांपूर्वी गेलेला असतो.

लेखकाबद्दल थोडंसं सांगते कारण मला त्यानं खूप उलगडलं. सॅलिंजर दुसऱ्या महायुद्धात होता, 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांतला, आणि या कादंबरीची काही प्रकरणं तेव्हा त्याच्याजवळ होती. पुढं ह्युर्टगेनचं जंगल, आर्देनची लढाई, सोबतची पोरं रोज मरतायत. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर तो न्यूरेंबर्गला दवाखान्यात दाखल झाला, जखमेसाठी नाही, मनासाठी. परत आला आणि युद्धावर कादंबरी लिहिली नाही. शाळेतून काढलेल्या पोराची लिहिली, 1951 च्या जुलैत ती आली. दोन वर्षांत तो न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशला जाऊन राहिला, 1965 नंतर त्यानं काही छापू दिलं नाही, 2010 मध्ये तिथंच गेला. लोक त्याला विक्षिप्त म्हणायचे. मला वाटतं ज्यानं इतकी पोरं जाताना पाहिली त्याच्या मनात कड्याच्या टोकाशी उभं राहून पोरांना झेलणारा माणूस यावा, यात न समजण्यासारखं काय आहे. ते रायचं, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याचं शेत, त्यात खेळणारी हजारो मुलं, आणि पळता पळता जे कड्याकडे येईल त्याला पकडणारा एकटा होल्डन. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या गाण्यातला शब्द त्यानं चुकीचा ऐकलेला असतो, भेटण्याच्या जागी पकडणं, आणि फीबी त्याला लगेच दुरुस्त करते. मला ती इथं फार आवडते. भाऊ आयुष्यातलं सगळ्यात खरं काहीतरी सांगतोय आणि ती म्हणते, कविता तशी नाहीये.

मराठीत या कादंबरीचं नाव निघालं की 'कोसला' येतेच, नेमाड्यांची, 1963 ची, आणि तिच्यावर सॅलिंजरचा प्रभाव किती यावर आपल्याकडे खूप बोलून झालंय. मला त्या वादात रस नाही. पण मला दिसतं ते हे, की पांडुरंग सांगवीकरच्या घरातही एक लहान मूल जातं. मनी. त्याची बहीण. तोपर्यंत ती पुण्यातल्या होस्टेलची, मेसची, उधाऱ्यांची गोष्ट वाटत असते आणि मनी जाते तेव्हा पानाचा आवाजच बदलतो. कोसला मी कॉलेजात आधी वाचली होती, आणि तेव्हाही मला पांडुरंगपेक्षा मनीच्या जागी भीती वाटली होती. धाकट्या बहिणींनी या पुस्तकांत काय करायचं असतं, एक तर मरायचं किंवा भावाला सांभाळायचं. हे मी तक्रार म्हणून म्हणते, दोन्ही पुस्तकांवर प्रेम असूनही.

कारण बघा, झेलणारा होल्डन आहे असं पुस्तकाचं नाव म्हणतं, पण पुस्तकात झेलते कोण? फीबी. ती त्याला विचारते, तुला आवडणारी एक गोष्ट सांग. त्याला सांगता येत नाही. शेवटी तो म्हणतो, ॲली. ती म्हणते, ॲली मेलाय. हे वाक्य त्या घरात दुसऱ्या कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. ती ख्रिसमससाठी साठवलेले सगळे पैसे त्याला देते, आठ डॉलर पासष्ट सेंट, आणि हा रडायला लागतो, आणि ती घाबरते, तो सांगतो की ती घाबरली होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःपेक्षा जड सूटकेस ओढत म्युझियमच्या दारात येते की तू निघून जातोयस ना, मग मीही येते. त्यामुळे तो थांबतो. दहा वर्षांच्या मुलीवर हे एवढं ओझं. सॅलिंजरला ते माहीत होतं असं मला वाटतं, म्हणून तर तो तिला शेवटी कॅरूसेलवर, लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसवतो, मुलीसारखी.

मी काय केलं होतं? डोळे मिटून घेतले होते. पैसे दिले नाहीत, सोबत येते म्हटलं नाही. एक थाप मारली, बस. पण दादानं सगळ्या घरातून मला निवडलं होतं, हे मी पुढची कित्येक वर्षं मनात जपून ठेवलं. आई नाही, बाबा नाही, मी.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामानं दहा दिवस न्यू जर्सीला होते, डिसेंबरात. रविवारी ट्रेननं पेन स्टेशनला उतरले आणि चालत चालत सेंट्रल पार्कला गेले. दक्षिणेच्या टोकाला ते तळं आहे. कडेनं गोठलं होतं, मधे पाणी मोकळं होतं आणि बदकं तिथंच होती, सात-आठ. मी बराच वेळ उभी राहिले. मग कॅरूसेल शोधत गेले. ते बंद होतं, शटर खाली. खरं म्हणजे फीबी ज्यावर बसली ते हे नव्हेच, ते जुनं कॅरूसेल 1950 मध्ये जळालं, आताचं 1908 सालचं, कोनी आयलंडला पडून होतं ते आणून 1951 मध्ये इथं लावलं, कादंबरी आली त्याच वर्षी. सत्तावन्न लाकडी घोडे आहेत म्हणे आत. पुस्तकात तिथली मुलं फिरता फिरता हात लांब करून सोनेरी कडं पकडायला बघतात आणि होल्डनला वाटतं फीबी पडेल, पण तो काही बोलत नाही. पडली तर पडली, बोलायचं नाही, असं म्हणतो. मग पाऊस येतो, बाकीचे आडोशाला जातात आणि तो बाकावर भिजत बसून राहतो, निळ्या कोटातल्या तिच्याकडे बघत.

मी त्या बंद शटरसमोरच्या बाकावर बसून दादाला फोन लावला. इथं दुपारचे बारा, तिकडं रात्रीचे साडेदहा. दादा आता नांदेडला असतो, डी फार्म केलं, स्वतःचं मेडिकल आहे, दोन मुलं. म्हणाला, काय गं, सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक. असंच केला. आणि मग का कोण जाणे मी पहिल्यांदा विचारलं, तुला ती रात्र आठवते का, तू मुक्कामी गाडीनं आला होतास.

तो थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "आठवते. तू लगेच झोपली होतीस ना. म्हणून तर बोलत बसलो. जागी असतीस तर कशाला बोललो असतो."

मला एकदम काही सुचेना. समोर शटर, वाऱ्यानं थोडं वाजत होतं. म्हणजे त्यानं मला निवडलं-बिवडलं नव्हतं. तो चौकात फुटपाथवरून खाली पाय टाकत होता आणि ज्याला ऐकू जाणार नाही अशा कुणाशी तरी बोलत होता.

म्हटलं, "दादा, मी जागी होते."

"किती वेळ?"

"सगळा वेळ. पहाटेपर्यंत. तू दार ओढलंस तेही ऐकलं. कडी उघडी राहिली म्हणून सकाळी आईचा मार खाल्ला."

पलीकडून काहीच आलं नाही. मी मोबाइल कानापासून लांब धरून बघितलं, कॉल चालूच होता, सेकंद पुढं जात होते.

मग तो म्हणाला, "थांब जरा. शटर ओढतो. मग बोलू निवांत." आणि नांदेडच्या दुकानाचं शटर खाली येताना मला इथं ऐकू आलं.